नव्या खुब्याची कल्हई

तुमचा किंवा घरातल्या कुणाचा खुबा बदलायचा ठरलाय आणि म्हणून हे कुणीतरी तुमच्या हातात ठेवलंय, असं धरून चालते. आधी नीट बसा. खुर्ची उंच घ्या, पाय खाली सोडा. माझं सगळं वाचून झाल्यावर काय घाबरायचं ते घाबरा.

मी डॉक्टर नाही. शाळा सातवीपर्यंत. राहते हुबळीत, केशवापुरात. बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, माझ्या आजेसासऱ्यांनी मिरजेकडून येऊन घातलेलं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी त्या दुकानात बसते. त्यामुळे धातूतलं मला चार लोकांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज होता. त्या समजानेच माझा पाय घालवायची वेळ आणली. ते पुढे येईलच.

गुडघा

दीड वर्ष माझा उजवा गुडघा दुखत होता. तेल चोळलं, निर्गुडीच्या पाल्याने शेकलं, पट्टा बांधला. दुकानाला चार दगडी पायऱ्या आहेत. त्या चढताना मी लोखंडी कठडा असा धरायची की जणू कुणीतरी मला खाली ओढतंय. मुलगा सुरेश म्हणायचा, "आई, घरी बस की." मी म्हणायची, "घरी बसून काय करू, भिंती मोजू?"

शेवटी सुनेने मनावर घेतलं. वैशाली शाळेत शिकवते, तिला उत्तर अर्धवट राहिलेलं चालत नाही. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिने मला रिक्षात घातलं आणि देशपांडे नगरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर कानडी माणूस, मराठी थोडं अडखळत बोलतात, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात. त्यांनी मला आडवं केलं, पाय दुमडून जरासा आत वळवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कमरेचा फोटो काढू," ते म्हणाले.

"दुखतोय गुडघा डॉक्टर, आणि फोटो कमरेचा?"

"गुडघा नुसता ओरडतोय अक्का. मार खातोय तो वरचा."

फोटो उजेडावर लावला. डावीकडे मांडीच्या हाडाचा गोळा चांगला गोल. उजवीकडचा दबलेला, एका अंगाने चपटा. पोचा आलेलं भांडं मला दहा हातांवरून ओळखू येतं. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं.

"ह्याचा रक्तपुरवठा बंद पडला. आतून हाड वाळलं आणि बसलं," ते म्हणाले.

"ठोकून सरळ होत नाही?"

ते हसले नाहीत. "नाही अक्का. बदलायला पाहिजे."

परत येताना वैशाली रजेचं, तपासण्यांचं बोलत होती आणि मी रिक्षाच्या बाहेर बघत होते. मरणाची भीती म्हणाल तर नव्हती. माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, त्यांची पाठ पुसणं, सगळं मी केलं. चौथ्या वर्षी त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मला त्या भिंतीची भीती होती. मनात एवढंच होतं की त्या चार पायऱ्या परत चढता आल्या पाहिजेत. बाकी काय व्हायचं ते होवो.

हातात घेऊन बघितलेला माल

माल बघितल्याशिवाय मी काही घेत नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना म्हटलं, "जे आत घालणार ते दाखवा." वैशालीने मला कोपर मारलं. पण डॉक्टरांनी खुशाल ड्रॉवर उघडला आणि नमुना माझ्या हातावर ठेवला.

वीतभर लांब, खाली निमुळता होत गेलेला खुंटा. हलका इतका की मला आधी पोकळ वाटला. जन्मभर भांडी हातात तोलून माल सांगितलेली बाई मी, आणि ह्या धातूने मला पहिल्याच भेटीत फसवलं. वरचा भाग पांढुरका, खरखरीत, चुन्याचा हात दिल्यासारखा. खालचा भाग उघडा, गुळगुळीत, राखाडी.

मी विचारलं, "मला खोट्या बांगड्या चालत नाहीत, मनगट खाजून लाल होतं. हे चालेल?"

"त्या बांगड्यांत निकेल असतं. ह्यात नाही. हा टायटॅनियम. त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम, थोडा आणखी एक धातू."

"अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात आम्ही चिंचेचं सार करत नाही, आणि तुम्ही ते माझ्या हाडात घालणार."

आता मात्र ते हसले. म्हणाले, "अक्का, ह्या धातूची एक गंमत आहे. हवा लागली की तो आपल्या अंगावर आपणच साय धरतो. डोळ्याला दिसत नाही इतकी पातळ. ओरखडा पडला तर तिथे लगेच परत धरतो. आतलं सहजी बाहेर सोडत नाही. कणभरही सुटत नाही असं मी सांगणार नाही, पण जे सुटतं ते शरीर चालवून घेतं."

मी तो खुंटा उलटसुलट करून बघितला. पितळेला आम्ही जन्मभर कल्हई लावत आलो, आणि इथे एक धातू आपली आपण लावून घेतो. मनातल्या मनात मी त्याला नमस्कार केला.

"आणि हा वरचा पांढरा?"

"तो वरून दिलेला लेप. हाडात जो क्षार असतो, त्याच जातीचा."

"म्हणजे कल्हईच की."

तेवढ्यात दारात नर्स आली, आत कुणाचा तरी हात मोडून आणला होता. डॉक्टर उठता उठता म्हणाले, "हं, तसंच समजा."

मी तसंच समजले.

बसलं

ऑपरेशनला मला पूर्ण झोपवलं नाही, पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं. छातीपुढे हिरवा पडदा. पलीकडे माझंच अंग, आणि मला त्याचा पत्ता नाही. थंडी वाजत होती. एका नर्सने न सांगता गरम हवेचं पांघरूण अंगावर आणून घातलं. तिचं नावही विचारायचं राहिलं.

मग ठोकणं सुरू झालं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, ऐकू येतं. दचकू नका. मी मात्र ठोक्यांतच जन्म काढलेली. आमच्या दुकानामागे पूर्वी तांबट बसायचे. हंड्याचं बूड बरोबर बसलं का नाही हे ते डोळ्याने बघत नसत, कानाने ऐकत. पडद्यापलीकडचे ठोके आधी पोकळ होते. मग आवाज चढत गेला. मग लागोपाठ तीन ठोके अगदी एकसारखे, भरीव आले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बसलं."

पलीकडचा हातोडा थांबला. मग डॉक्टरांचा आवाज आला, "हौदु अक्का, होय, बसलं. मी पण त्याचीच वाट बघत होतो."

इतक्या शिकलेल्या माणसाने आमच्या तांबटासारखा कान देऊन काम करावं, ह्याचा मला इतका आनंद झाला की थंडी विसरले.

दवाखान्यातले दिवस

सकाळी सहाला अंग पुसणं, सातला चहा, आठला इंजेक्शन, नवाला डॉक्टरांची फेरी. दिवस असा पेट्यांत भरून येतो. लाज दोन दिवस वाटते, तिसऱ्या दिवशी संपते. बेडपॅन देणारी आया दर वेळी पडदा ओढून मगच हात लावायची, आणि निघताना पडदा उघडायच्या आधी विचारायची, "झालं ना यवा?" यवा म्हणजे आई. एवढ्याशा विचारण्यात माणसाची किती इज्जत राहते, ते तिथे कळतं.

दुसऱ्या दिवशी शिल्पा आली, व्यायाम करून घेणारी. वय असेल पंचवीस, वेणीत अबोलीचा गजरा, मनगट सुताराचं. चौपायी वॉकर पुढे ठेवून म्हणाली, "अज्जी, उभं राहायचं. ह्या पायावर भार टाका. अर्धा नको, पूर्ण."

मी टाकला. दुखलं, पण ते जुनं दुखणं नव्हतं. पाच पावलं चालले. "भाळ छलो," ती म्हणाली. फार छान म्हणायची आमच्याकडची ती तऱ्हा. पाचव्या दिवशी घरी आले तेव्हा मी दारापर्यंत चालत गेले.

माझी चूक

आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर हुसेनसाब कल्हई लावतात. भाता, नवसागर, कथील, हातात चिंध्यांचा बोळा. भांडं परत देताना प्रत्येक बाईला त्यांचं एकच सांगणं असतं: नव्या कल्हईला महिनाभर राख लावू नका, उलथनं घालू नका, हलक्या हाताने विसळा. चाळीस वर्षं मी तेच गिऱ्हाइकांना सांगत आले. कल्हई घासली की उडते, उडाली की पितळ उघडं पडतं, आणि मग त्यात ठेवलेलं ताक कळकतं.

घरी आल्यावर पलंगावर पडल्या पडल्या माझं डोकं चालू झालं. आतला लेप नवा. खुंटा हाडात ठोकून बसवलेला. मी पाय टेकला की तो हाडावर घासणार. घासला की लेप झिजणार. झिजला की खालचा धातू उघडा पडणार, आणि मी आतून कळकणार. साय धरतो वगैरे जे ऐकलं होतं ते कुठच्या कुठे गेलं. डॉक्टर मोठे, मान्य, पण कल्हई मला कळते. एक महिना जपायचं. बोलायचं कुणाशी नाही.

शिल्पा आठवड्यातून दोनदा यायची, तेव्हा तिच्यासमोर चालायची. एरवी पलंगावर. न्हाणीघरात जाताना सगळा भार हातांवर आणि डाव्या पायावर, उजवा नुसता अधांतरी. वैशाली शाळेतून आली की पर्स ठेवायच्या आधी विचारायची, "आज किती फेऱ्या आई?"

"आठ."

ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आठ रेघा ओढायची. तीन आठवडे ओढल्या. माझी उजवी मांडी मुलीच्या दंडासारखी बारीक झाली होती आणि पाऊल संध्याकाळी सुजायचं. मी वरून लुगडं ओढून घ्यायची.

चौथ्या आठवड्यात शिल्पा आली, पाय बघितला. तिने माझा वॉकर उचलला आणि उलटा करून मांडीवर घेतला. चार पायांना चार काळी रबरं असतात, त्यावर अंगठा फिरवला.

"अज्जी, हे रबर बघा."

"चांगलं आहे की."

"चांगलं आहे म्हणून तर विचारते. रोज आठ फेऱ्या, ह्या शहाबादी फरशीवर. ह्यावरचे चर जायला पाहिजेत. हे तर दुकानातनं आत्ता आणल्यासारखं."

वैशाली चहाचा कप घेऊन दारात उभी होती. आधी रबराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी रेघा ओढत होते आई," एवढंच म्हणाली. कप ठेवला आणि आत गेली. त्या दिवशी जेवायला वाढलं तेही न बोलता. सुरेश एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत भात कालवत राहिला.

वेगळं ठेवणारी आणि जोडणारी

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डॉक्टरांकडे नेलं. सुजेमुळे त्यांना शंका आली, पायात रक्ताची गाठ तर नाही. तपासणी झाली, गाठ निघाली नाही. तो अर्धा तास बाकावर वैशालीने माझा हात धरला होता, बोलत मात्र नव्हती. नवा फोटो काढला. खुंटा होता तिथेच होता.

"मग अक्का, चालत का नव्हता?" डॉक्टरांनी विचारलं.

सांगितलं सगळं. हुसेनसाब, राख, उलथनं, कळकणं. मला वाटलं आता हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "तुम्ही कल्हई म्हणालात आणि मी घाईत हो म्हटलं. आता मला सांगा, कल्हई कशासाठी लावतात?"

"ताक पितळेला लागू नये म्हणून."

"म्हणजे दोघांना वेगळं ठेवायला. हा लेप उलटा आहे. दोघांना जोडायला आहे. हाडाला तो आपल्यातला वाटतो, मग ते त्यात शिरतं, त्याच्यामागच्या खरखरीत धातूला धरून बसतं. पुढे लेप विरून गेला तरी बिघडत नाही. तोवर तिथे तुमचं हाड आलेलं असतं."

"आणि खालचा भाग? तो तर उघडाच आहे."

"उघडाच ठेवलाय. त्याच्याशी हाडाचं भांडण नाही. तो शेजारी म्हणून राहतो. वरचा घरातला होतो." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "पण हाड उगाच येत नाही अक्का. ह्या पायाला काम आहे हे त्याला कळायला लागतं. तुम्ही पाय टेकलाच नाही तर ते कुणासाठी येईल?"

मी फोटोतल्या हाडाच्या कडेने बोट फिरवलं. अंगातलं हाड, ज्याला कुणी शाळेत घातलं नाही, ते आपला आणि परका ओळखतं. आणि ते ओळखून कुणीतरी माणसाने हाडाला फसवणारा नाही, तर त्याचं मन वळवणारा लेप शोधून काढला. माझ्या चाळीस वर्षांच्या दुकानदारीपेक्षा त्या हाडाला माल जास्त कळत होता.

परतताना रिक्षात वैशाली बोलली.

"कल्हईचा मला राग नाही. तुम्ही दुकानात जन्म काढलात, तुम्हाला तसंच सुचणार. खोटं सांगितलंत त्याचा आहे."

"चुकले ग."

"आजींसारखं, तुमच्या सासूबाईंसारखं पडून राहायला नको म्हणून घाबरत होतात ना? मग निघाला होतात कुठे?"

 लुगड्याच्या पदराशी चाळा करत बसले. घर आल्यावर तिने हात पुढे केला तो धरून उतरले, आणि उजवा पाय जमिनीवर टेकला. पूर्ण.

चार पायऱ्या

त्यानंतर कॅलेंडरवरच्या रेघा बंद. वैशालीने नवा नेम काढला. दर रविवारी सकाळी ती वॉकर उलटा करायची आणि रबर बघायची, तोंडाने सांगितलेलं काही ऐकायची नाही. पहिल्या रविवारी म्हणाली, "हं." दुसऱ्या रविवारी चरांच्या कडा गेल्या होत्या. पाचव्या रविवारी एक रबर तळाशी इतकं पातळ झालं की आतली नळी जाणवायला लागली. ते तिने सुरेशला नेऊन दाखवलं, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं.

सोपं गेलं असं लिहिणार नाही. जे तीन आठवडे मी जपले त्यांची भरपाई दोन महिने चालली. शिल्पा "निधान, निधान" म्हणायची, म्हणजे सावकाश, पण सोडायची नाही. मांडीत गोळे आल्यासारखं दुखायचं. काही दिवस रडले, काही दिवस शिल्पाला बोलले, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुन्हा म्हणायची, "आणखी दहा."

तीन महिन्यांनी मी दुकानात गेले. एका हातात काठी, दुसरा हात कठड्याला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे तुम्हीही लक्षात ठेवा. वैशाली मागे, हात न लावता. हुसेनसाब कट्ट्यावर भाता चालवत होते, तो त्यांनी थांबवला. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीवर मी उभी राहिले आणि कठडा सोडला.

"अक्का, तुमची कल्हई किती वर्षांची म्हणाले डॉक्टर?" त्यांनी विचारलं. गोष्ट सगळ्या बाजारात पसरली होती.

"पुष्कळ वर्षांची. आणि हुसेनसाब, ही राख लावून घासायची असते बरं का."

ते इतके हसले की निखाऱ्यावरचं पातेलं करपता करपता वाचलं.

आता मी रोज जाते. पाटावर बसता येत नाही, देवपूजा स्टुलावर बसून करते, देवांनी अजून तक्रार केलेली नाही. पावसाळ्यात गुडघा मात्र कधी कधी दुखतो, तो खराच गुडघा.

मागच्या महिन्यात आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या सुमनचा खुबा बदलला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण भित्री. वॉकर तिला द्यायचा ठरला. सुरेश म्हणाला रबरं बदलून दे, घसरेल. चार नवी रबरं आणून बसवली. जुनी मी दुकानात वजनांच्या शेजारी ठेवली आहेत.

वॉकर घेऊन गेले तेव्हा सुमन पलंगावर पाय आखडून पडली होती. म्हणाली, "अक्का, आतलं काही हललं तर? झिजलं तर?"

मी वॉकर उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला आणि नव्या रबरावरून तिचा अंगठा फिरवला. चर हाताला लागत होते.

"झिजवायचं ते हे," म्हटलं. "मी रविवारी येऊन बघणार."